परतलाट

बंडा घोरपडेचा उजवा हात कोपरापासून खाली फुटला, त्या दिवशी शिरटेकडीत पेढे वाटले गेले.

फुटला हाच शब्द बरोबर वाटतो. भर बाजारात, दुपारच्या उन्हात, शिवीला उलट उत्तर दिलं म्हणून त्याने एका भाजीवाल्यावर गावठी कट्टा रोखला आणि चाप ओढला. गोळी भाजीवाल्याच्या कानाला चाटून मागच्या शटरमध्ये घुसली. लगेच बंडाच्या मुठीतच दुसरा बार झाल्यासारखा आवाज झाला. कट्ट्याची नळी उकलली, बोटं कुठली आणि पंजा कुठला हे कळेनासं झालं, आणि कोपरापर्यंतच्या हाडाचा आतल्या आत भुगा झाला. बंडा ओरडला नाही. टोमॅटोच्या क्रेटवर बसला आणि लोंबणाऱ्या बाहीकडे, ती दुसऱ्या कुणाची असावी तसा, बघत राहिला.

त्याला कुणी हातही लावला नव्हता. जवळात जवळचा पोलीस बसस्थानकावर चहा पीत होता.

हे केलं होतं परतलाटेने, आणि परतलाट तयार केली होती मगदूम सरांच्या सुनेने.

मगदूम सर गावातल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. पहिल्या वर्षाला यांत्रिकी आणि लाटा, एवढंच त्यांनी आयुष्यभर शिकवलं. आवाज इतका हळू, की सरांचा आवाज अंतराच्या वर्गाने कमी होतो अशी थट्टा मागच्या बाकांवर चालायची. फळ्यावर काही सिद्ध झालं तरी ते लगेच मागे सरकायचे आणि म्हणायचे, "तूर्त असं मानू." प्राजक्ता पहिल्या बाकावर बसायची, कारण मागे काही ऐकूच यायचं नाही. पुढे तिने पीएचडी केली, सरांच्या मुलाशी, धैर्यशील पैलवानाशी, लग्न केलं, आणि सासऱ्यांना ती घरातही 'सर'च म्हणत राहिली.

सर दरवर्षी वर्गात घरची परात आणत. परातीत पाणी भरायचं आणि मधोमध बोट टेकवायचं. वर्तुळं काठापर्यंत जातात, काठावर आपटतात आणि परत मध्याकडे येतात. मग सर आणि भोवतीची मुलं परातीच्या काठावर सगळीकडून एकदम चापट मारत. तेव्हा मधोमध, जिथे कुणीच बोट लावलेलं नाही तिथे, एक थेंब टुणकन वर उडायचा. मुलं हसायची.

"सर, लाटेला परत कसं यायचं ते कसं कळतं?" प्राजक्ताने विचारलं होतं.

सर हातातल्या खडूकडे बघत म्हणाले होते, "तिला जाणं आणि येणं यातला फरकच कळत नाही. लाटेच्या समीकरणात काळाचा वर्ग असतो. काळाच्या मागे उणे चिन्ह लावलं तरी वर्ग केल्यावर ते नाहीसं होतं. म्हणजे पसरणारी लाट जितकी खरी, तितकीच गोळा होत येणारी लाट खरी." मग घाईघाईने, "तूर्त असं मानू."

प्राजक्ताने ते तूर्त मानलं नाही, कायमचं मानलं. तिने गावभर खांब उभे केले. प्रत्येक खांबावर एक कान आणि एक तोंड. गोळीचा आवाज एकेका खांबाला थोडा पुढेमागे पोचतो. प्रत्येक खांब आपल्याला आलेला आवाज टिपून घेतो, उलटा करतो, म्हणजे शेवट आधी आणि सुरुवात शेवटी, आणि कितीतरी पटीने वाढवून परत सोडतो. ज्याला उशिरा ऐकू आलं तो आधी बोलतो. यातली एकटी लाट दाराची कडीसुद्धा वाजवणार नाही. लाटा एकमेकींना अडवत नाहीत, एकमेकींतून निघून जातात; पण जिथे भेटतात तिथे त्या क्षणापुरती त्यांची बेरीज होते. आणि उलट्या सोडलेल्या सगळ्या लाटा एकाच जागी भेटतात, जिथून आवाज निघाला तिथे. एकदा सगळी शक्ती अशी सोडली की यंत्र पुन्हा भरायला चांगली पाच-सात मिनिटं लागायची. पण गोळी झाडणाऱ्याला दुसरी संधी नसायचीच.

नगराध्यक्ष विश्वासतात्या शेवाळे यांनी हे यंत्र गावात आणलं. त्याला कारण होतं. वाळूच्या ठेक्यावरून त्यांच्या धाकट्या भावाला चहाच्या गाड्यावर गोळ्या घातल्या होत्या. भावाचं डोकं मांडीवर घेऊन तात्या दवाखान्यापर्यंत गेले होते आणि उतरले तेव्हा त्यांचं धोतर खालपर्यंत लाल होतं. बंडाचा हात फुटला त्या संध्याकाळी ते स्वतः पेढ्यांचा पुडा घेऊन सरांच्या घरी आले.

"सर, तुमच्या सुनेनं गाव वाचवलं बघा. आता कोन कट्ट्याला हात लावतोय?"

सर पेढा हातात धरून बसले. धैर्यशील मात्र खूश होता. बायकोकडे बघून म्हणाला, "आम्ही एक हात मोडायला बारा वर्षं माती खाल्ली. ही बसल्या जागी मोडती."

"तुमचा मोडू देऊ नका म्हणजे झालं, पैलवान," प्राजक्ता म्हणाली.

*

मग भूपाल खोत मेले.

खोत दूध संस्थेचे अध्यक्ष होते आणि येत्या निवडणुकीत तात्यांच्या विरोधात उभे राहणार होते. संध्याकाळचं दूध घालून झाल्यावर ते संस्थेच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तंबाखू मळत होते. मोटारसायकलवरून दोघे जण आले आणि खुर्चीखाली पेटता सुतळी बॉम्ब टाकून निघून गेले. सुतळी बॉम्बने काय झालं असतं? धोतर करपलं असतं, कानठळ्या बसल्या असत्या. पण खांबांनी आवाज ऐकला. खांबांना धोतर दिसत नाही.

परतलाट खुर्चीवर उतरली. खुर्ची राहिलीच नाही. खोतांची कंबर आणि पोट आत गेलं, बरगड्या पाठीतून बाहेर आल्या, आणि तरी ते थोडा वेळ जिवंत होते. तंबाखूची चिमूट बोटांत तशीच होती. जवळच्या कॅनला पोचे आले होते.

मोटारसायकलवाले दोघेही सापडले. सार्वजनिक जागी फटाका उडवल्याचा गुन्हा त्यांच्यावर लागला.

प्राजक्ता नगरपालिकेत गेली. एकटीने जाऊ नये म्हणून सर बरोबर गेले आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

"तात्या, यंत्र बंद करा. ते माणूस ओळखत नाही, जागा ओळखतं. ज्याला मारायचंय त्याच्या पायाशी आवाज केला की झालं."

"मग आवाज करनाऱ्याला धरा की."

"धरलाय. फटाक्याचं कलम लागलंय."

"मग त्यात माझं काय चुकलं?" तात्यांचा आवाज चढला. "खोताला मी मारलं का तू मारलं? यंत्रानं मारलं. आनि यंत्र बंद केलं तर उद्या बंडाचा भाऊ मला मारनार. गनपतीसमोर शपथ घेतलीय त्यानं. तुला नसंल म्हाईत."

"किमान किती मोठ्या आवाजाला लाट सोडायची, ती कसोटी तरी वाढवा. कट्ट्याहून हलक्या आवाजाला..."

"सुतळी बॉम्ब न् कट्टा तुझ्या यंत्राला वेगळा ओळखता येतोय?"

येत नव्हता. खात्रीने येत नव्हता.

बाहेर पडताना तात्यांनी शर्टाच्या आतून गोफात अडकवलेली किल्ली काढून दाखवली. यंत्र चालू, बंद किंवा नुसतं ऐकण्यावर ठेवायचं ते या किल्लीनेच. "ही माझ्या सरणावर निघंल," ते म्हणाले.

त्या आठवड्यात प्राजक्ताने राजीनामा लिहिला आणि फाडला. ती गेली असती तर कमी शिकलेला कुणी तरी यंत्रापाशी बसला असता. सरांना तिला काही सांगायचं होतं. शास्त्राचा दोष नसतो, असं काही. पण ते खरं आहे की नाही याची त्यांना खात्री वाटेना, म्हणून ते बोलले नाहीत.

गावात आवाज कमी झाले. लग्नात फटाके बंद. लोहारांनी ऐरणीखाली पोती घातली. एका बाईने पोराच्या हातातलं टिकल्यांचं पिस्तूल ओढून विहिरीत टाकलं आणि मग त्याला इतकं मारलं, की शेजाऱ्यांना मध्ये पडावं लागलं.

*

वर्षाचं कुस्त्यांचं मैदान तोंडावर आलं, तेव्हा शड्डूचा प्रश्न निघाला.

पैलवान मैदानात उतरतो, हाताची ओंजळ किंचित वाकवतो आणि मांडीवर मारतो. ओंजळीतली हवा दबून सुटते आणि बार उडाल्यासारखा आवाज होतो. तो शड्डू. शड्डू म्हणजे आव्हान. तो ठोकल्याशिवाय कुस्ती लागत नाही. न ठोकणारा घाबरला असं लोक धरतात, आणि मग त्याला गावात फिरणं अवघड होतं.

प्राजक्ता सरांना आणि मोजमापाचं यंत्र घेऊन तालमीत गेली. तांबड्या मातीत, ताक आणि तेल मुरलेल्या त्या मऊ हौद्यात उभं राहून धैर्यशीलने जोर काढून शड्डू ठोकला.

"सूनबाई," वस्ताद म्हणाले, "शड्डू मोजून काय करनार? भाकरी कमी करनार काय त्याची?"

"वस्ताद, पुन्हा एकदा ठोकायला सांगा."

"ठोक रं. बायकोनं सांगितलंय, आता मरस्तवर ठोक."

आकडा परतलाटेच्या कसोटीपासून बराच खाली आला. प्राजक्ताने सुटकेचा श्वास सोडला. सरांनीही सोडला. त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं नाही ते एवढंच, की तालमीची माती आवाज पिऊन टाकते, आणि मैदान दगडाचं आहे.

*

शिरटेकडीचं मैदान गोल आहे. मधोमध हौदा, भोवती गोल दगडी पायऱ्या, थेट वरच्या कड्यापर्यंत. परातीसारखं. वरच्या कडेला परतलाटेची केबिन होती. सर दुपारपासून प्राजक्तासोबत तिथे बसले होते. समोर पडद्यावर हिरवी पट्टी होती. मैदानात मोठा आवाज झाला की पट्टी वर उसळायची. वर कसोटीची लाल रेघ होती; पट्टी तिच्यापुढे गेली की परतलाट सुटायची.

पडद्याखालच्या एका बटणावर प्राजक्ताने चिकटपट्टी लावली होती. त्याला 'उजळणी' म्हणत. लाल रेघ ओलांडून टिपला गेलेला शेवटचा आवाज पुन्हा त्याच जागी सोडायचं ते बटण. रोज सकाळी कमी जोरावर ते दाबून पत्र्याचा डबा वाजतो का बघायचे. "किल्ली चालूवर असली की हे पूर्ण जोराने जातं आणि मग पाच-सात मिनिटं यंत्र रिकामं," ती म्हणाली. "काढून टाका म्हणून किती वेळा सांगितलं. चुकूनसुद्धा हात लावू नका, सर."

सरांनी खुर्ची मागे घेतली.

मंचासमोर तात्यांनी दारू ठासून बार उडवायचं लोखंडी उखळ पुरून घेतलं होतं. उद्घाटनाला त्यांनी मंचावरच्या पेटीत किल्ली फिरवून यंत्र नुसतं ऐकण्यावर ठेवलं, स्वतःच्या हाताने उखळी बार पेटवला आणि मैदान हादरलं. मग किल्ली परत फिरवून यंत्र चालू केलं आणि माईकवर म्हणाले, "या गावात आवाज हुईल तो असा. परवानगीनं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बार यंत्राने टिपला होता.

लहान पोरांच्या कुस्त्या सुरू झाल्या. एका पोरट्याने बारीकसा शड्डू ठोकला आणि सरांची नजर हौद्यात गेली. त्याच्या पायाशी मातीचे कण उडाले होते. पोरगा उभा होता तिथेच, पण थोड्या वेळाने. शड्डू ठोकल्यावर लगेच नाही, किंचित मागून.

सरांना परात आठवली. आवाज पायऱ्यांवर जाऊन परत मधोमध आला होता.

"प्राजक्ता, पट्टी कुठवर गेली?"

ती आधीच बघत होती. तिचा चेहरा उतरला होता. "एवढ्या पोराला अर्ध्यावर गेली, सर."

"माझा हिशेब चुकत असेल कदाचित..."

"नाही चुकत."

प्राजक्ता धावत मंचावर गेली. तात्या ऐकायला तयार नव्हते. बंडाचा भाऊ मैदानात दिसला होता म्हणे. "आज बंद? आज? मला मारायला पाठवलंय का तुला कुनी?" ते ओरडले आणि दोन माणसांनी तिला मंचावरून खाली उतरवलं.

सर तोवर कपडे काढायच्या खोलीत पोचले होते. आयुष्यात पहिल्यांदा ते मुलाशी आवाज चढवून बोलले. "धैर्या, शड्डू ठोकू नकोस. मांडी जाईल. जीवही जाईल."

"आबा, शड्डू न ठोकता कुस्ती? लोक थुंकतील माझ्यावर."

"थुंकू देत."

शेजारी त्याच्याशी लढणारा जोडीदार लंगोट कसत होता, मिरजेचा समीर मुजावर. त्याने खोतांच्या मरणाचे फोटो पाहिले होते. तो म्हणाला, "चाचा बोलतेत तर ऐक ना यार. दोघंबी नाय ठोकायचं. मग कोन कुनाला भ्यालं?"

धैर्यशीलने वडिलांकडे बघून होकाराची मान हलवली.

*

मोठी कुस्ती पुकारली. दोघं हौद्यात उतरले. मधोमध हलगीवाला हलगी कडाडवत होता. तात्या मंचावरून उतरून जोड लावायला आले, दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले आणि मागे सरून उखळापाशी थांबले. थंड पडलेल्या उखळावर एक पाय टेकवून, कमरेवर हात ठेवून, ते बघत राहिले.

लोक शड्डूची वाट बघत होते. धैर्यशीलने माती उचलून अंगाला लावली, समीरने लावली, आणि दोघं एकमेकांना भिडायला वाकले. शड्डू झालाच नाही.

आधी कुजबुज. मग शिट्ट्या. कुणी तरी ओरडलं, "बांगड्या भरा रं त्यांना!" वरून एक चप्पल हौद्यात पडली. पंच गोंधळले आणि त्यांनी दोघांना सोडवून उभं केलं.

हौद्याभोवतीच्या पहिल्या पायरीवर जुने पैलवान बसतात, ही इथली रीत. कान मोडलेले, पोटं सुटलेली, पण मांड्या अजून खांबासारख्या. त्यातला एक उठला, धोतर वर खोचलं, आणि चिडवायला म्हणून त्याने स्वतःच्या मांडीवर शड्डू ठोकला. शिकवतो तुम्हाला, असा. त्याचं बघून शेजारचा उठला. मग सगळं कडंच उठलं.

केबिनमध्ये प्राजक्ता आणि सर दोघांनाही एकाच वेळी कळलं.

काठावरून निघालेला आवाज मधोमध गोळा होतो आणि तिथून पुन्हा पसरतो. आणि पसरताना तो मधोमधच जन्मला असावा असा दिसतो. खांबांना फरक कळायचं कारण नाही. लाटेलाच कळत नाही. यंत्राला वाटणार होतं, की हा एवढा मोठा बार हौद्याच्या मध्यावर उभ्या असलेल्या माणसाने केला. ज्याने मांडीला हातही लावलेला नव्हता, त्याने.

"वेगवेगळे पडतायत हात," सर घाईने म्हणाले. "एकत्र पडत नाहीत. बेरीज होणार नाही."

तेवढ्यात हलगीवाल्याला चेव आला. त्याने ठेका धरला. तो उभा होता मधोमध. त्याचा ठेका गोल कडेला सगळीकडे एकाच क्षणी पोचत होता. आणि त्या ठेक्यावर हात पडू लागले.

पहिला एकत्र शड्डू. हिरवी पट्टी उसळून निम्म्याच्या वर गेली. धैर्यशीलच्या पायाशी माती घोट्यापर्यंत उडाली. तो खाली बघू लागला.

"हलगी थांबवायला हवी," प्राजक्ता म्हणाली. "सर, तुम्ही इथंच बसा." आणि ती पायऱ्यांवरून खाली सुटली. लोकांच्या खांद्यांवरून, डोक्यांवरून, पडत, उठत.

दुसरा शड्डू. पट्टी आणखी वर. हात आता जास्त नेमके पडत होते. लोकांना मजा येत होती. पुढच्या पायऱ्याही उठल्या.

प्राजक्ता हौद्यात उतरली. ती हलगीवाल्याकडे धावत होती आणि ओरडत होती, पण तिचं तोंड हलताना दिसत होतं, शब्द ऐकू येत नव्हते. धैर्यशीलने तिला बघितलं आणि तिला अडवायला तो पुढे आला. दोघं मधोमध.

तिसरा शड्डू. पट्टी लाल रेघेच्या इतकी जवळ गेली, की मध्ये केसभर हिरवं उरलं. माती गुडघ्यापर्यंत उडाली आणि समीर मुजावर दचकून मागे सरला.

हलगीवाल्याने काठ्या वर उचलल्या. सगळ्या मैदानाने हात उचलले.

सरांनी चिकटपट्टी ओढून काढली. तात्यांचा पाय अजून उखळावर होता. तात्या हसत होते. त्यांनाही मजा येत होती. सरांना ते स्पष्ट दिसलं, आणि त्यांनी बटण दाबलं.

चौथा शड्डू झाला की नाही हे कुणालाच ऐकू आलं नाही. खांबांनी उखळी बार उलटा करून, पूर्ण जोराने, उखळावर परत आणला. लोखंडी उखळ जमिनीतून उपटून मंचावर आदळलं. तात्या दोन ठिकाणी पडले. वरचा भाग काही क्षण हाताच्या कोपरांवर उठायचा प्रयत्न करत होता. पुढच्या पायरीवरच्या म्हाताऱ्या पैलवानांच्या तोंडावर रक्त आणि माती उडाली होती आणि त्यांचे हात अजून मांडीवर टेकलेले होते. तात्यांच्या छातीवरची किल्ली गोफासकट जागेवर होती.

मग लोक पळाले. पळताना काही तुडवले गेले. तात्यांच्या माणसांनी केबिनचं दार मोडलं, सरांना केस धरून बाहेर ओढलं, चष्मा फोडला, आणि दगडी पायरीवर त्यांचं तोंड आपटलं. समोरचे दात तिथेच पडले. पोलीस आले नसते तर संपलंच होतं. परतलाटेच्या खांबांपैकी एकही त्या रात्रीनंतर उभा राहिला नाही. लोकांनी कुऱ्हाडींनी, घणांनी ते पाडले, आणि घणाचे आवाज गावभर मोकळे फिरले.

*

तुरुंगात भेटीच्या जाळीपलीकडे धैर्यशील बसला होता. त्याचे खांदे उतरले होते. त्याने कुस्ती सोडली होती, किंवा कुस्तीने त्याला.

"प्राजू कशी आहे?"

"सरकारी वकील रोज बोलावतात. यंत्रातले आकडे मागतात. तिनं सगळे दिले. चौथा नाही म्हणाली."

"नाहीच तो. लाट सोडताना खांब बहिरे असतात."

धैर्यशील जाळीतून बोटं घालून बसला. "मी शड्डू ठोकला असता तर लोक उठलेच नसते, आबा."

"हो."

"तुम्ही ठोकू नको म्हणालात."

"हो. तू ठोकला असतास तर मांडी गेली असती. असं मला वाटतं. आणि नाही ठोकलास म्हणून हे झालं." तुटलेल्या दातांतून शब्द हवा होऊन निघत होते. धैर्यशीलला पुढे वाकावं लागलं.

"चौथा पडला असता तर आम्ही गेलो असतो का?"

सरांच्या कोठडीच्या भिंतीवर नखाने कोरलेले तीन ठिपके होते. रोज सकाळी ते त्यांच्यासमोर बसत. पण ते त्यांनी मुलाला सांगितलं नाही.

"तीन ठिपक्यांतून सरळ रेघ ओढली, तर चौथा त्या लाल रेघेच्या वर जातो. मग तुम्ही दोघं गेला असता. पण माणसांच्या हातांना मर्यादा असते. ते अमुक इतकेच एकत्र पडतात, त्याहून जास्त नाही. तसं धरलं तर रेघ वाकते. वाकली तर चौथा खालीच राहतो. दोन्ही रेघा त्याच तीन ठिपक्यांतून जातात, धैर्या. मी पोरांना हेच शिकवायचो. मोजलंय त्याच्या बाहेर रेघ ओढू नका."

"मग तुम्ही कुठली ओढलीत?"

"कुठलीच नाही. मी पट्टीकडे बघतच नव्हतो तेव्हा. तुम्ही दोघं दिसत होता."

पहारेकऱ्याने वेळ संपल्याचं सांगितलं. धैर्यशील उठला, पण गेला नाही.

"म्हणजे तात्या फुकट मेला असंल."

"असेल," सर म्हणाले.

धैर्यशील थांबून राहिला. वडील वाक्य कसं संपवतात हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पहारेकऱ्याने दुसऱ्यांदा हाक मारली. पुढचं ते 'तूर्त' काही आलं नाही.